दादांनी ओढ्यात रंग सोडला

"रंग ओतायला तुमचा माणूस कशाला? आमचे काय हात मोडलेत?" असं म्हणत दादांनी पुतणीच्या हातातली बाटली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

बाटली ती केवढी, तळहातात मावेल एवढी. दादांनी ती धुण्याच्या शेडच्या खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. साठ वर्षं कापड रंगवण्यात गेलेला माणूस. रंग बघितला की बाकी सगळं विसरायचा. आतला रंग शेंदराकडे झुकणारा होता.

"तू तर हिरवा म्हणाली होतीस."

"पाण्यात पडला की हिरवा होतो, मोठे काका. आणि निरुपद्रवी आहे. माशांनाही काही होत नाही."

"मासे!" दादा हसले. "या ओढ्यात आता मासेसुद्धा आले का?"

"वरच्या अंगाला आलेत," पुतणी म्हणाली. "खालच्या अंगालाही आलेत. फक्त इथे नाहीत."

झालं. दादांचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यांनी शेडच्या दाराकडे पाहिलं. पुतणीची आई, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको, उंबऱ्याबाहेरच उभी होती. मागच्या थंडीत धाकटा गेला, तेव्हा दादा त्याच्या घराच्या दारापर्यंत जाऊन तसेच मागे फिरले होते. आज ती त्यांच्या दारात उभी होती आणि तिला आत ये म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

ओढ्याचं काम गेली तीन-चार वर्षं चाललं होतं. शहराने कधीकाळी जागोजागी स्लॅब टाकून बुजवलेला ओढा वरून खाली उघडा करत आणला होता. काठाने दगडी पायऱ्या, बसायला बाकं, सावलीची झाडं, पोरांना धावायला हिरवळ. लोक संध्याकाळी वरच्या पुलापासून चालत निघायचे आणि दादांच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी आले की नाइलाजाने माघारी वळायचे. धुण्याची शेड अगदी काठावर उभी होती. तिच्या खालच्या बाजूला जे लावावं ते पिवळं पडून मरत होतं. पुतणी ज्या खात्यात इंजिनिअर होती, त्या ओढ्याचं काम करणाऱ्या खात्याचं म्हणणं, शेडचं पाणी ओढ्यात येतंय. दादांचं म्हणणं, एक थेंब येत नाही. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, स्वतः उभं राहून मोठ्या गटारापर्यंत नळ टाकलेत. शेवटी दादांनीच सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "सोडा रंग. ओढ्यात आला तर ही शेड मी माझ्या हाताने पाडून देतो. नाही आला तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

शेड गेली असती तरी दादांचं पोट भरलं असतं. मुलगा केव्हाचा मागे लागला होता की कारखाना शहराबाहेर नेऊ या. प्रश्न शेडचा नव्हताच. याच एका गोष्टीवरून दादांनी सख्ख्या भावाला कारखान्याबाहेर काढलं होतं. रंग आला तर तो भाऊ खरा होता, आणि आता त्याला तसं सांगायची सोय राहिली नव्हती.

पुतणी खात्याच्या माणसांना घेऊन खाली ओढ्याकडे गेली तसा दादांचा मुलगा जवळ आला. "बाबा, आज सुट्टी आहे म्हणून बरं. चालू दिवशी हे जमलं नसतं."

"चालू दिवशी कोण करू देतोय? गिऱ्हाइकाच्या कापडात भलता रंग मिसळला म्हणजे? हौद उपसलास ना?"

"काल संध्याकाळीच. कोरडा ठणठणीत."

दादांनी मान हलवली. सुट्टीच्या आदल्या दिवशी गाळाचा हौद उपसून कोरडा करायचा, ही आबांची शिस्त. भरलेला हौद दिवसभर तसाच ठेवला की कुजतो, वास मारतो. आबा गेले, पण ती शिस्त एकदाही चुकली नव्हती, आणि याचा दादांना केवढा अभिमान.

त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली आणि वरून नळ सोडला. शेंदरी धार पाण्यात पडली मात्र, मोरी अशी काही हिरवीगार झाली की दादांच्या तोंडून नकळत "वा!" गेलं. मग त्यांना आठवलं की आपण कशाला उभे आहोत, आणि ते मुकाट्याने बाहेर आले.

काठावरच्या बाकावर अक्का आधीच ठाण मांडून बसली होती. अक्का दादांहून लहान, धाकट्याहून मोठी. दोघा भावांच्या मध्ये जन्मली आणि आयुष्यभर दोघांच्या मध्येच राहिली. पण बोलताना मात्र कायम दादांच्या बाजूने.

"ये, बस," ती म्हणाली. "तमाशा बघायला पुढची जागा राखून ठेवलीय."

"तमाशा कसला? तासाभराचं काम आहे."

"तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

दादांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, पण ती निरागसपणे पाण्याकडे बघत होती.

तेव्हाचं सगळं दादांना लख्ख आठवत होतं. धाकटा चौकटीत उभा राहून म्हणाला होता, दादा, आपलं पाणी गटारात जात नाही, ओढ्यात जातंय, खालच्या वस्तीतली पोरं त्यात खेळतात. दादांचा राग नाकावर. "म्हणजे आबा खोटं बोलले?" धाकटा म्हणाला, "आबा चुकले असतील." बस, तेवढ्याने पेटलं. दुसऱ्या सुट्टीला दादांनी स्वतः बादलीभर लाल रंग याच मोरीत ओतला, नळ सोडला आणि सगळ्या घराला इथे आणून उभं केलं. त्या काळी ओढा म्हणजे काळं पाणी, वर चार कारखाने. पण सुट्टीमुळे सगळे बंद. लाल आला असता तर आंधळ्यालाही दिसला असता. सगळे जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले. लालाचा ठिपका नाही. दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून कारखान्याची पायरी चढायची नाही. बापाला खोटं पाडणारा माझा भाऊ नाही."

 धाकटा एका शाळेत चित्रकला शिकवायला लागला. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ओढ्यात उतरून कचरा काढायचा, काठाला लव्हाळं लावायचा. लोक त्याला ओढेवाले मास्तर म्हणायचे. दादांच्या कानावर यायचं सगळं, पण ते म्हणायचे, रिकामपणाचे उद्योग.

"मोठे काका," पुतणी पायऱ्यांवरून वर आली. "पाणी किती जोरात सोडलंय?"

"नेहमीसारखं. का?"

"एव्हाना यायला हवा होता." ती घड्याळाकडे आणि मग खालच्या दगडी कठड्याकडे बघत होती. तिथे झुडपांआड एक जुनी मोरी तोंड काढून होती. कामाच्या दिवशी तिच्यातून गढूळ पाणी यायचं, पण ते कुठून येतं हे कोणी पाहिलं नव्हतं. तिच्याखाली पुतणीने एक पांढरी फरशी ठेवली होती. फरशीवरून नितळ पाण्याची बारीक धार वाहत होती, कठड्यातल्या झऱ्याची. पांढरी ती पांढरीच.

"नसेल येत," दादा म्हणाले. आवाज शक्य तितका साधा ठेवला त्यांनी. "तुझ्या पुस्तकात असेल, आमच्या आबांच्या नळात नाही."

"आपण चुकीच्या मोरीखाली फरशी ठेवली की काय?" पुतणी स्वतःशीच पुटपुटली.

दादांचा मुलगा तिच्याजवळ जाऊन हळूच काहीतरी बोलला. दादांना ते दिसलं. मुलगा मनातून तिच्या बाजूचा होता, हे त्यांना आजच पहिल्यांदा कळत होतं असं नाही. पण आज ते उघड दिसलं आणि त्यांना वाईट वाटलं. पोटचा पोरगा, बापाच्या समोर, बाप हरावा म्हणून वाट बघतोय!

ऊन डोक्यावर आलं. घरून निरोप आला, जेवण तयार आहे. दादा उठले, धोतर झटकलं.

"चला. झालं समाधान? पोरी, तू चांगलं काम करतेस, मला राग नाही. रस्त्याच्या कडेने वाट काढ आणि शेडला हात लावू नकोस. तुझ्या बापासारखं उगाच..." इथे ते थांबले. गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. "चला जेवायला. तूही चल. आईलाही म्हणावं चला."

पुतणीने मान खाली घातली होती. तिने आपली उपकरणं पिशवीत भरायला घेतली. तेवढ्यात पायऱ्यांशी येऊन उभी राहिलेली धाकट्याची बायको सकाळपासून पहिल्यांदा बोलली.

"मी इथेच बसते, भावजी. तुम्ही जाऊन या."

"आता कशासाठी? सगळं तुझ्या डोळ्यांसमोरच झालंय."

"त्या दिवशीही तुम्ही जेवायला गेलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर दादांना सोपं गेलं असतं. "हे थांबले होते."

"कोण थांबला होता?"

"हे. इथेच. संध्याकाळपर्यंत. दिवेलागणीला घरी आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले. हातात रुमाल होता. लाल झालेला."

 अक्काने पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला.

"रुमाल!" दादा म्हणाले. "अगं, रंगाऱ्याच्या घरातला रुमाल तो. लाल नाही तर काय पांढरा राहणार? त्याला रंग कुठूनही लागला असेल. आणि खरंच दिसलं होतं तर आला का नाही सांगायला? तोंड नव्हतं का त्याला?"

"आले होते."

"कधी?"

ती अक्काकडे बघायला लागली. अक्का पाण्याकडे. 

"अक्का?"

"आला होता," अक्का म्हणाली. नेहमीची धार तिच्या बोलण्यात नव्हती. "रात्रीची जेवणं चालली होती. मी दार उघडलं. दादाला बोलाव म्हणाला. मी आत येऊन तुला सांगितलं, तर तू ताटावरून मान वर न करता म्हणालास, त्याला म्हणावं, जेवणं झाली. मी जाऊन तसंच म्हटलं. तो बरं म्हणाला आणि गेला. हात मागे धरले होते त्याने. रुमालाचं मला माहीत नव्हतं, दादा. शपथ."

"नंतर तरी सांगायचं!"

"मी किती वेळा म्हटलं त्यांना," धाकट्याची बायको म्हणाली. "रुमाल घ्या, त्यांच्यापुढे टाका. तर म्हणायचे, माझ्या सांगण्याने काय होणार? दादा एकदा आपल्या डोळ्यांनी बघेल, तेव्हाच पटेल त्याला. तोवर नको. आबांचं नाव निघालं की त्याला फार लागतं."

दादा वळले आणि तरातरा शेडकडे चालू लागले. "नळ बंद करतो," ते कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाले. "पुरे झालं हे. बायकांच्या आठवणींवर काय शेड पाडायची?"

शेडमध्ये कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी शेड अशी चिडीचूप असली की दादांना करमायचं नाही. त्यांनी नळाच्या चावीवर हात ठेवला. आणि तिथेच त्यांना तो आवाज ऐकू आला.

पायाखालच्या लोखंडी झाकणाखाली पाणी पडत होतं. खोलवर, घुमत. कामाच्या दिवशी इथे असला आवाज कधीच यायचा नाही. कामाच्या दिवशी हौद काठोकाठ असायचा. वरून आलेलं पाणी तसंच पुढे निघून जायचं, आवाज न करता. आज हौद कोरडा होता. सकाळपासून सुटलेलं सगळं पाणी, सगळा हिरवा रंग, या एवढ्या मोठ्या हौदाच्या तळाशी साठत होता. पाणी वरच्या तोंडाशी पोचल्याशिवाय पुढच्या नळात एक थेंब जाणार नव्हता.

दादांनी खाली बसून झाकण बाजूला सारलं. हौद अजून पुरता भरला नव्हता, पण फार थोडा राहिला होता. हिरवं पाणी हळूहळू वर येत होतं.

त्या दिवशीही सुट्टी होती. त्या दिवशीही हौद आदल्या संध्याकाळी उपसला होता. दादांनी स्वतः उभं राहून उपसून घेतला होता. अरे देवा! आबांची शिस्त. रंगाऱ्याचा मुलगा, रोज सकाळी गड्यांना सांगणारा की घाई करू नका, रंगाला त्याचा वेळ द्या, तो जेवणाची वेळ झाली म्हणून उठून गेला होता. आणि नळ? नळ बंद करायचं भानच नव्हतं त्या भांडणात. संध्याकाळी राखणदाराने बंद केला होता, आणि दुसऱ्या दिवशी दादांनी त्याला पाणी फुकट घालवलंस म्हणून झापलंही होतं.

 खाली बसल्याबसल्याच त्यांचा हात पुन्हा वर चावीकडे गेला. एक पिळा दिला की संपलं. हौद भरणार नाही, फरशी पांढरी राहील, पोरगी पिशवी उचलून घरी जाईल, आणि आबा आणि दादा दोघेही खरे ठरतील. उद्या सकाळी हौद उपसून टाकायचा. कोणाला कळणार? रंगाचं पाणी कुठे जातं हे या घरात तोंड उघडून सांगणारा एकच माणूस होता, आणि तो आता नव्हता.

"बाबा, मी करू का बंद?"

दारात मुलगा उभा होता. दादांनी त्याच्याकडे पाहिलं. मुलगा त्यांच्या हाताकडे बघत होता. त्यालाही तो आवाज ऐकू येत होता. कारखान्यात वाढलेला पोरगा तो. त्याला कळलं होतं की नाही, हे मात्र दादांना त्याच्या चेहऱ्यावरून समजेना.

"नको," दादा म्हणाले.  "राहू दे चालू."

"पण तुम्हीच म्हणालात, झालं म्हणून."

"मी चुकलो. हौद भरायचाय अजून."

 मुलाने पुढे होऊन बापाला हाताला धरून उठवलं. असं त्याने कधी केलं नव्हतं, आणि दादांनीही करू दिलं नसतं.

बाहेर पुतणीची पिशवी भरून झाली होती. दादा तिच्याजवळ गेले. "काढ परत सगळं," ते म्हणाले. "थांब जरा. येईल."

"काय येईल?"

"तुझा रंग. हौद रिकामा होता म्हणून उशीर झाला." एवढं सांगायला त्यांना फार जड गेलं. पुतणी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला समजलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती खात्याची इंजिनिअर क्षणात कुठल्या कुठे गेली. तिथे उभी होती ती धाकट्याची लेक.

दादा धाकट्याच्या बायकोशेजारी बाकावर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मध्ये थोडी जागा ठेवून.

"काय म्हणायचा तो?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल."

"तुमच्यासारखा निळा कोणाला जमत नाही म्हणायचे. शाळेतल्या पोरांना सांगायचे, माझा दादा रंगारी आहे."

"अजून?"

"अजून काही नाही, भावजी. रागाने कधी बोललेच नाहीत. मीच बोलायचे."

दादांनी मान वळवली. पलीकडच्या काठावर दोन बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या, एक म्हातारा कुत्र्याला पाणी दाखवत होता. वरच्या अंगाला लव्हाळं कमरेएवढं वाढलं होतं. इथे, शेडच्या खाली, त्याच लव्हाळ्याची नुसती वाळलेली खुंटं उभी होती. धाकटा पुन्हा पुन्हा लावत राहिला होता आणि दादांचं पाणी पुन्हा पुन्हा मारत राहिलं होतं. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, पण हे मात्र इतकी वर्षं चालूच होतं.

ऊन कलतं झालं तेव्हा अक्काला पहिल्यांदा दिसलं. ती काही ओरडली नाही. तिने फक्त दादांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कठड्याच्या मोरीतून एक बारीक धार सुटली होती. आधी वाटलं, उन्हाचा भास. मग धार जाड झाली, पांढऱ्या फरशीवर पसरली आणि फरशी हिरवीगार झाली. तिथून रंग ओढ्यात उतरला, दगडांना वळसे घालत, खुंटांमधून वाट काढत खाली निघाला. पलीकडची मुलं उड्या मारायला लागली, "हिरवं पाणी! हिरवं पाणी!" पुतणी नोंद करायची विसरून गेली होती.

दादा उठले. चपला बाकाखाली काढल्या. एकेक पायरी उतरून ते अगदी पाण्याशी गेले. मुलगा धरायला धावला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"कुठे उभा होता तो?"

"मी नव्हते इथे," धाकट्याची बायको वरून म्हणाली. "पण नेहमी सांगायचे, त्या चपट्या दगडावर."

दादा त्या दगडावर जाऊन उभे राहिले. पाणी घोट्याच्या वर आलं, थंडगार. त्यांनी खिशातून रुमाल काढला, वाकून पाण्यात बुडवला.  रुमाल वर काढला, पिळला, उलगडून धरला. हिरव्या रुमालाकडे बघत असताना त्यांना हुंदका आवरला नाही. लहान मुलासारखे रडले ते, सगळ्यांसमोर, आणि कोणी त्यांना गप्प करायला गेलं नाही.

"दादा," शेवटी अक्का म्हणाली. तिचाही आवाज भरून आला होता. "चल रे वर. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. ताटं केव्हाची वाढून ठेवलीत घरी."

दादांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पोरीच्या आईला आत घेऊन जा," ते म्हणाले. "हात धरून ने, अक्का. सगळ्यांनी जेवून घ्या. मी थांबतो."